दोन पातळ्यांचा ओटा: आमच्या स्वयंपाकघराच्या कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

आज घरातल्या तिघांच्या कोपरांची उंची मोजली. चपला काढून सरळ उभं राहायचं, हात काटकोनात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरायची. आई (माझ्या सासूबाई) ३६.५ इंच, मी ३९.५, नवरा ४४. लेक अजून वाढते आहे, तिचं माप घेतलं पण हिशेबात धरलं नाही.

आपला ओटा ३३ इंचांवर आहे. पुण्यातली ही इमारत १९८६ ची आणि ओटाही तेव्हाचाच, कडप्प्याचा. त्यावर शेगडी ठेवली की बर्नर ३७ इंचांवर जातो, म्हणजे आईंच्या कोपराच्याही वर. त्यावर कढई, कढईत झारा. गेली कित्येक वर्षं त्या फोडणी करताना उजवा खांदा उचलूनच उभ्या राहतात, आणि तो खांदा आता रात्री ठणकतो. त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सिंक आहे. त्याचा तळ ओट्याच्या ८ इंच खाली, म्हणजे २५ इंचांवर. भांडी नवरा घासतो, आणि त्याची कंबर जाते. एकाच ओट्याने एकाचा खांदा धरला आणि दुसऱ्याची कंबर.

चिरण्या-निवडण्यासाठी ओटा कोपराच्या ४ ते ६ इंच खाली बरा पडतो. लाटायला आणि मळायला आणखी खाली हवा, कारण तिथे अंगाचा भार वरून द्यावा लागतो. शेगडीची जागाही खालीच हवी, कारण भांड्याची उंची तिच्यावर चढते. सिंक मात्र वर हवं, कारण काम त्याच्या तळाशी चालतं. हे कागदावर लिहिलं तेव्हा लक्षात आलं की आपल्याला एका उंचीचा ओटा नकोच आहे.

१५ जानेवारी, सोमवार, संक्रांत

आज चाचणी. हॉलमध्ये विटांच्या दोन थप्प्या रचल्या, त्यावर प्लायवूडची फळी टाकली आणि गुळपोळ्या तिथेच लाटल्या. गुळपोळीइतकी चांगली परीक्षा दुसरी नाही. हात जरा कुठे जड पडला तर गूळ कडेने बाहेर येतो आणि तव्याला चिकटून जळतो. आईंनी आधी ३३ वर लाटल्या, मग एकेक वीट काढत खाली आलो. ३० वर त्या म्हणाल्या, "आता लाटणं आपणहून फिरतंय." २८ वर परत करून पाहिलं तर पाठ वाकायला लागली. ३० कायम.

मी कांदा ३५ वर चिरून पाहिला, नवऱ्याने फळीवर टोपलं ठेवून भांडी घासल्यासारखं केलं. त्याला ३७ हवे होते, मला ३४. ३५ वर जमलं.

२० जानेवारी, शनिवार

दगडाची परीक्षा. दुकानातून तीन तुकडे मागून आणले होते: पांढरा संगमरवर, पांढरा कृत्रिम क्वार्ट्झ आणि काळा ग्रॅनाइट. काल रात्री तिन्हींवर तेलात कालवलेली हळद, लिंबाचा रस आणि आमसुलाचं पाणी ठेवलं होतं. सकाळी संगमरवरावर लिंबाच्या जागी चकाकी गेलेला गोल उमटला होता आणि हळद आत शिरली होती. क्वार्ट्झवर हळदीची फिकट सावली राहिली. ग्रॅनाइट पुसल्यावर होता तसाच.

त्याचं कारण मला आपल्या जुन्या ओट्यानेच शिकवलं आहे. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंध्रातल्या कडप्पा भागातला, म्हणून त्याचं नावच ते. आंबट पडलं की चुनखडी झिजते. चिंचेचा कोळ काढायची आमची जागा ठरलेली, आणि तिथला कडप्पा बाकीच्या ओट्यापेक्षा भुरकट झाला आहे. संगमरवरही त्याच कुळातला. क्वार्ट्झमध्ये दगडाचा चुरा राळेने बांधलेला असतो, त्यावर गॅसवरून उतरवलेला कुकर थेट ठेवता येत नाही. रोज घाईत कुकर उतरवणाऱ्या घरात हे कोण सांभाळणार? काळा ग्रॅनाइट ठरला, १८ मिलिमीटर जाडीचा. लेकीला पांढरा हवा होता. तिला डागांचे तुकडे दाखवले, मग ती काही बोलली नाही. भिंतीच्या टाइल्स तिच्या आवडीच्या घ्यायच्या असं ठरलं.

२४ जानेवारी, बुधवार

दोन मॉड्युलरवाल्यांची कोटेशनं आली. दोघांनीही मधली भिंत पाडून स्वयंपाकघर हॉलला जोडायचं चित्र काढलं आहे. चित्र सुंदर आहे यात शंका नाही. पण आमच्याकडे आठवड्यातून दोनदा ठेचा होतो. मिरच्या तव्यावर पडल्या की शेजारच्या खोलीतलाही माणूस खोकतो. भिंत राहील आणि दारही राहील.

दोघांनीही ओटा सरसकट ३४ चा धरला आहे. वेगळ्या उंचीबद्दल विचारलं तर एकाने सांगितलं की त्यांचे खण एकाच मापात कारखान्यातून येतात. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. म्हणून आम्ही ठरवलं: ओटा गवंड्याकडून, उभे-आडवे कडप्पे घालून जुन्या पद्धतीने बांधायचा, वर ग्रॅनाइट, आणि आतल्या ट्रॉल्या त्या मापाच्या बनवून घ्यायच्या. कडप्प्याला वाळवी लागत नाही आणि सिंकखाली पाणी गळलं तरी तो फुगत नाही. प्लायवूड फक्त वरच्या कपाटांना, तेही पाण्याला टिकणारं, आयएस ७१० मानकाचं.

खोली ८ बाय १० फुटांची. १० फुटांच्या खिडकीच्या भिंतीला ३५ इंचांचा ओटा: सिंक, चिरायची जागा, मिक्सर. त्याला काटकोनात, ८ फुटांच्या भिंतीला ३० इंचांचा ओटा: शेगडी, मग परात आणि पोळपाट. कोपऱ्यातले २ फूट उंच ओट्यात गेले की खालच्याला ६ फूट उरतात. दोन ओट्यांच्या उंचीत ५ इंचांची पायरी पडते, शेगडी त्या पायरीला चिकटवायची नाही, मध्ये ८ इंच मोकळे ठेवायचे, नाहीतर कढईचा कान पायरीवर आपटेल.

आईंची एकच अट: "तोडायचं ते पौषात तोडा. बांधायला मात्र माघ लागू दे." मिस्त्रींची तारीखही तशीच जुळते आहे.

२९ जानेवारी, सोमवार

तोडफोड सुरू. सोसायटीचा नियम आहे, दुपारी १ ते ४ आवाज बंद. तेवढ्या वेळात बिगारी राडारोडा गोण्यांत भरत होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आज ४६ गोण्या उतरल्या.

जुन्या ओट्याखाली जमिनीलगत एक जाळी निघाली. सिलिंडरच्या काळातली. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून ती तिथे होती. आता आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. तो हवेपेक्षा हलका, वर चढतो. म्हणजे खालची जाळी बुजवली तरी चालेल, पण छताजवळ हवा जायला वाट हवी. खिडकीच्या वरची झडप बंद करून तिथे काच लावायचा माझा विचार होता, तो सोडला.

हॉलच्या कोपऱ्यात इंडक्शन मांडलं आहे. भांडी न्हाणीत. आज पिठलं-भात.

१ फेब्रुवारी, गुरुवार

फरशीखालचे आणि भिंतीतले लोखंडी पाइप उघडे पडले. कापलेला तुकडा मिस्त्रीमामांनी हातात दिला. अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती, बाकी सगळा गंज. सिंकचा नळ बारीक चालतो म्हणून आपण दोनदा नळ बदलला होता. दोष नळात नव्हताच.

आता गरम-गार दोन्हीला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारे प्लॅस्टिकचे पाइप. सांडपाण्याचा पाइप तीन इंची. जुना दोन इंची होता आणि भाताची पेज गार झाली की तुंबायचा. पाइप बंद करून, पंपाने दाब देऊन रात्रभर ठेवले आहेत. सकाळी काटा पाहायचा.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

काटा हलला नाही. गिलावा चढायच्या आधी चारही भिंतींचे फोटो काढले, प्रत्येक पाइपाशेजारी टेप धरून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती ते दिसेल असे. हे काम कुणाला सांगू नये, स्वतः करावं.

५ फेब्रुवारी, सोमवार

वायरिंग. मिक्सरसाठी ओट्यालगत एक पॉइंट, ओव्हनसाठी १६ अँपिअरचा वेगळा, त्याला थेट बोर्डावरून ४ चौरस मिलिमीटरची वायर. एकही पॉइंट सिंकच्या दोन फुटांच्या आत नाही. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवलं, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारं बटण. ओल्या हातांनी बटणं दाबायची जागा आहे ही, यात काटकसर करायची नाही.

दिव्याबद्दल इलेक्ट्रिशियनशी बराच वेळ बोलले. छताच्या मधोमध एकच दिवा असला की ओट्याशी उभ्या माणसाची सावली नेमकी सुरीवर पडते. त्यामुळे वरच्या कपाटांच्या खालच्या कडेला, पुढच्या बाजूने एलईडी पट्टी. तांदळातला खडा दिसला पाहिजे.

१२ फेब्रुवारी, सोमवार

माघ लागला. सकाळी नारळ फोडून उभे कडप्पे बसवायला घेतले. मिस्त्रीमामांचं म्हणणं शेवटपर्यंत तेच: "ताई, ओटा म्हणजे एका लेव्हलचा. मधे पायरी आली तर पुसायला त्रास, आणि बघणारे नावं ठेवतील." मी त्यांना विटांच्या थप्पीची गोष्ट सांगितली. आईंनी त्यांच्यासमोर उभं राहून हात कोपरात वाकवून दाखवला. मामांनी टेप काढली, स्वतः मोजलं आणि म्हणाले, "आमच्या घरी म्हातारीचं पण असंच हाय."

संध्याकाळी मात्र माझी मोठी चूक सापडली. भिंतीवर मीच खडूने "३०" आणि "३५" लिहिले होते. कुठून ३० ते लिहिलं नव्हतं. जुनी फरशी उखडलेली आहे. आत्ता पाय ठेवतो ती जमीन नव्या फरशीच्या २.५ इंच खाली आहे. मामांनी समोर दिसणाऱ्या जमिनीपासून माप धरलं. तसाच ओटा झाला असता तर फरशी बसल्यावर आईंची जागा २७.५ वर आली असती, आणि २८ वरच त्यांची पाठ वाकत होती. आठला टेप घेऊन सहज मोजायला गेले म्हणून कळलं. मामांना फोन केला. सिमेंट ओलं होतं तोवर ते परत आले, कडप्पे उचलले.

१४ फेब्रुवारी, बुधवार

काल गणेश जयंती, काम बंद. इंडक्शनवर मोदकपात्र ठेवून तिळाचे मोदक केले.

आज मामांनी पातळी बघायच्या पाण्याच्या नळीने सगळ्या भिंतींवर एक रेघ फिरवली, दाराच्या उंबऱ्यापासून धरून, तयार फरशीच्या बरोबर ३ फूट वर. आता सगळी मापं त्या रेघेपासून: खालचा ओटा रेघेखाली ६ इंच, वरचा १ इंच. उभ्या कडप्प्यांखाली तुकडे सिमेंटात बसवून २.५ इंच भरून काढले. आणखी एक हिशेब त्यांनीच आठवण करून दिला: आडवा कडप्पा, त्यावरचा माल आणि ग्रॅनाइट मिळून अडीच इंच जातात, तेव्हा उभे कडप्पे तेवढे खाली थांबले पाहिजेत. मी तो धरलाच नव्हता. पुढे कुणी हे काम काढलं तर त्यांना सांगायची पहिली गोष्ट हीच: आकडा लिहिताना तो कशापासून आणि कशापर्यंत हे शेजारी लिहा.

२१ फेब्रुवारी, बुधवार

ग्रॅनाइट आला. १० फुटांचा सलग तुकडा जिन्याच्या वळणावर फिरेना, म्हणून दोन तुकडे केले. सांधा सिंकपासून लांब, मिक्सरखाली घेतला. कडेला डबल पट्टी लावून गोल मोल्डिंग, आणि कडेच्या खालून एक बारीक खाच, म्हणजे सांडलेलं पाणी आत ट्रॉलीकडे न जाता तिथेच टपकतं. पायरीची उभी बाजूही ग्रॅनाइटचीच. तिथे तेल उडणार.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

भिंतीच्या टाइल्स झाल्या, लेकीच्या पसंतीच्या, फिकट हिरव्या. सांध्यांत इपॉक्सी, म्हणजे राळेचं पक्कं भरण, भरलं. साधं पांढरं सिमेंट हळद शोषून घेतं, आणि सिमेंट अल्कधर्मी म्हणून ती हळद आधी लालसर होते, साबण लागलेल्या हळदीच्या डागासारखी. इपॉक्सी महाग पडलं आणि ते भरणारा माणूसही वेगळा लागला. पैसे गेले ते योग्य जागी.

फरशी खडबडीत पृष्ठभागाची, मॅट. आईंचं वय ७४ आहे.

७ मार्च, गुरुवार

पाइप गॅसचा पॉइंट हलवायला कंपनीची माणसं आली. हे काम त्यांच्याशिवाय कुणी करायचं नसतं. पाइप भिंतीत न पुरता बाहेरून घेतला, बंद करायची कळ शेगडीच्या बाजूला, हात सहज पोचेल अशी. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले नाहीत. उद्या महाशिवरात्र. साबुदाण्याची खिचडी नव्या शेगडीवर होईल, हेच पहिलं रांधणं.

८ मार्च, शुक्रवार

आईंनी खिचडी केली. दाण्याचं कूट घालून, कढई धरून, खालून वर परतत होत्या. मी मागे उभी राहून फक्त खांद्याकडे पाहत होते. खांदा खाली होता.

१४ मार्च, गुरुवार

ट्रॉल्या. ३०४ ग्रेडचं स्टील मागितलं होतं. लोहचुंबक लावून खात्री करा असं सगळे सांगतात, पण हलक्या प्रतीच्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, तेव्हा त्या परीक्षेला अर्थ नाही. बिलावर ग्रेड लिहून घेतलं.

काय कुठे जाणार हे ठरवायला नवऱ्याने आधी सगळी भांडी हॉलमध्ये मांडून तीन ढीग केले होते: रोजचं, आठवड्याचं, सणाचं. रोजचं सगळं कमरेपासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात बसवलं. मोदकपात्र, सोऱ्या, पुरणयंत्र, मोठी पातेली वर. मिसळणाचा डबा, मीठ आणि तेलाची बरणी शेगडीशेजारच्या उघड्या फळीवर, आईंच्या हाताखाली. मिक्सर ओट्यावरच राहणार. रोज जो उचलावा लागतो तो कपाटात ठेवला तर त्याचा वापर कमी होतो, हे आम्ही अनुभवलं आहे.

उंच ओट्याखाली सिंकशेजारी २२ इंचांचा एक खण मुद्दाम रिकामा ठेवला. तिथे गव्हाचं पिंप, चाकांच्या फळीवर.

समोरच्या भिंतीला खालून काहीच नाही. ४ फूट मोकळी जागा. तिथे पाट भिंतीला टांगला आहे आणि विळी बाजूला. नारळ खवायला, पालेभाजी निवडायला आईंना खाली बसायचं असतं. गुडघे दुखतात तरी बसतात. "तेवढंच अंग हलतं," म्हणतात. उठताना धरायला भिंतीत स्टीलची दांडी बसवली.

चिमणी शेगडीच्या २८ इंच वर, सहा इंची नळी चार फुटांत बाहेर. तरी मिरच्या भाजताना खिडकी उघडावीच लागते.

२४ मार्च, रविवार, होळी

पुरण मी उंच ओट्यावर वाटलं, आई खालच्या ओट्यावर लाटत होत्या, नवरा त्यांच्या डावीकडे भाजत होता, लेक कटाच्या आमटीला मसाला वाटत होती. चौघं एका वेळी आत आणि कुणी कुणाला "जरा सरक" म्हटलं नाही. ३४ पोळ्या झाल्या.

अडचणी ज्या दिसल्या त्या: तापलेलं भांडं शेगडीवरून सिंककडे सरकवता येत नाही, पायरीवरून ५ इंच उचलावं लागतं. भरलेला कुकर असला की ते जड जातं. तात्पुरतं शेगडीशेजारच्या मोकळ्या ८ इंचांत उतरवतो. पायरीच्या कोपऱ्यात पीठ साचतं, त्यासाठी छोटा ब्रश ठेवला. आणि नवऱ्याला ३५ अजून कमीच पडतात. तो सिंकमध्ये लाकडी जाळी ठेवून तळ दीड इंच वर घेतो.

२८ एप्रिल, रविवार

वर्षाचे गहू भरले. निवडून, ऊन दाखवून, एरंडेलाचा हात लावून. पिंप खणात गेलं, पण झाकण उघडायला वर जागा अपुरी. दर वेळी बाहेर ओढावं लागतं. चाकं आहेत म्हणून निभावतं.

संध्याकाळी आई म्हणाल्या, सांडशीला एक खुंटी हवी, उजव्या हाताला, दिसेल अशी. नवऱ्याने २ फेब्रुवारीचे फोटो काढून पाहिले. त्या जागेपासून ५ इंचांवर वायर उभी जाते. टाइलवर चिकटपट्टी लावून, ड्रिल हळू फिरवत भोक पाडलं. खुंटी लागली, तयार फरशीपासून ४२ इंचांवर.